भोंगा वाजेपर्यंत

माझा बाप कधीच खेळला नाही.
तो रेघा मारायचा.
आदल्या रात्री रंगखात्याच्या फुटक्या पिंपात चुना भिजवायचा
आणि पहाटे सुताची दोरी ताणून
मिलच्या ग्राउंडवर आखायचा तो चौकोन,
ज्यात शनिवारी अख्खं स्पिनिंग खातं मावायचं.
रविवारी त्याची नखं पांढरी असायची,
आई म्हणायची, जेवताना तरी हात धू.

टीम सांगतो.
गोलात दौलत निखारे,
एका बोटाचं पेर मशीनमध्ये गेलेलं,
उरलेल्या नऊ बोटांत बॉल बसला की सुटत नसे.
हाफला इंदोऱ्याचा गजभिये.
मिलच्या कँटीनमध्ये त्याचा कप वेगळा,
खिळ्याला टांगलेला, कान तुटलेला;
कॉर्नर मिळाला की मात्र सगळे
त्याचंच डोकं शोधायचे.
विंगवर मोमिनपुऱ्याचा कलीम.
मालकानं दिलेले बूट गळ्यात घालून यायचा,
लेस बांधून एका दगडावर नीट ठेवायचा,
आणि अनवाणी पळायचा.

बसायला संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या.
गोल झाला की पेट्या मोडायच्या,
फळ्या घरी जायच्या, चुलीत.
म्हणून आमच्या आळीत
जिंकल्याच्या रात्री भाकरी लवकर व्हायची.

रेफरी डग्लस साहेब, रेल्वेतला गार्ड.
शिटी होती, घड्याळ गहाण.
त्यामुळे नियम असा ठरला
की साडेपाचचा भोंगा वाजला की मॅच संपली.
बॉल हवेत असला तरी.
एकदा तर पेनल्टी घेणारा पाय तसाच उचललेला राहिला,
आणि दोन्ही टीम हसत नळाकडे गेल्या.

मग तो कामठीविरुद्धचा शनिवार.
एक-एक.
ऊन उतरलं, चिंचेची सावली पार गोलपोस्टच्या मागे गेली.
डग्लस साहेब पुन्हा पुन्हा धुराड्याकडे बघायचे.
धुराड्यावर कावळा होता.
धूर नव्हता.

गेटवर नोटीस लागली होती चार वाजताच.
ग्राउंडवर हे कोणाला माहीत?
कामठीचा बॅक कमरेवर हात ठेवून उभा राहिला,
तर दौलत ओरडला,
"कायले थांबता बे? भोंगा नाई वाजला अजून!"

खेळले.
बॉल दिसेनासा झाला तेव्हा
लोकांनी सायकली स्टँडवर लावून पायडल मारले,
डायनामोचे पिवळे डाग गवतावर थरथरले.
बाप चुन्याची बादली घेऊन कडेनं पळत होता,
अंधारात पुसलेली रेघ
पुन्हा पुन्हा घालत.

गेटवरून कोणीतरी आलं, गजभियेच्या कानात बोललं.
तो बॉलवर बसला.
बराच वेळ.
मग उठला आणि बॉल कामठीवाल्यांकडे ढकलला,
म्हणाला, "थ्रो तुमचा होता."

कामठीत सांगतात, ते तीन-दोननं जिंकले.
गोळीबार चौकात आजही चार-दोन ऐकू येतं, आपल्या बाजूनं.
बापाला विचारलं की तो म्हणायचा,
रेघ नीट होती.

जामठ्याचं स्टेडियम मी पाहिलंय.
मुलानं तिकीट काढून दिलं होतं.
खुर्च्यांना नंबर, रात्री दुपारपेक्षा जास्त उजेड,
आणि पडद्यावर इतकी आकडेवारी
की भांडायला काही उरत नाही.
चांगलं आहे. खरंच चांगलं आहे.
संडासात पाणीसुद्धा होतं.

मिलच्या जागी आता तीन टॉवर.
तिसऱ्यात माझा मुलगा राहतो, सहाव्या मजल्यावर.
काल खाली पार्किंगमध्ये पोट्टे खेळत होते,
एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी स्कूटर.
वॉचमन शिट्ट्या मारत होता,
कोणी थांबत नव्हतं.
एकानं विचारलं, "आजोबा, किती वाजले?"
खिशात मोबाइल होता.
मी वर बघितलं,
जिथं धुराडं असायचं तिथं.
मग मुलाकडून चावी आणली
आणि आमची गाडी चार हात मागे घेतली.
त्यांना कॉर्नर घ्यायचा होता.